पोहताना मनगटावर दिसणारे ठोके खरे असतात का? (बाबांसाठी वॉटरप्रूफ फिटनेस बँड हवाय)

मीनल_ठाणे

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. माझे बाबा ६६ वर्षांचे, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत. मूळचे सांगलीचे, कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले, त्यांच्यासाठी पोहणं म्हणजे व्यायाम नाहीच, जीव आहे त्यांचा त्यात. आठ महिने घरात बसून नुसते चिडचिड करत होते. मग डॉक्टरांनी परवानगी दिली की पोहा पण हळू, आणि ठोके ११० च्या वर जाऊ देऊ नका.

आता पाण्यात ठोके मोजायचे कसे, म्हणून मी ऑनलाईन १८०० रुपयांचा एक बँड घेतला, जाहिरातीत मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ लिहिलेलं, फोटोत पोहणारा माणूस पण होता. तिसऱ्या आठवड्यात काचेच्या आतून वाफ धरली, मागचे हिरवे दिवे सतत चालू राहायला लागले आणि दोन दिवसांनी बंदच पडला. सर्व्हिसवाले म्हणाले पाणी शिरलंय, वॉरंटीत बसत नाही. पैसे गेले ते गेले, पण त्याच्या आधी जे झालं त्याने मी जास्त घाबरले. बाबा चौथी लेंथ (तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) मारत होते तेव्हा बँडवर ६४ आणि काठाला आले तर एकदम १७१. ते इतके घाबरले की तसेच पायऱ्यांवर बसून राहिले, लाईफगार्डने मला फोन केला. मी पोचले तर चेहरा उतरलेला, पण त्रास असा काहीच होत नव्हता. आणि त्यानंतर दहा दिवस ते तलावावर गेलेच नाहीत.

बजेट १० हजारापर्यंत. पाण्यात टिकेल आणि ठोके खरे दाखवेल असा कुठला घेऊ?

कट्टेकरी

ताई, आधीच्या बॉक्सवर काय लिहिलं होतं ते बघा, आयपी६८ की ५ एटीएम? सगळा घोळ तिथेच असतो.

मीनल_ठाणे

बॉक्स काढून बघितला. आयपी६८. एटीएम वगैरे कुठेच नाही.

घड्याळवाले_काका

मीनल बेटा, मी एकतीस वर्षं घड्याळ दुरुस्ती केली, आता डोळ्यांमुळे दुकान मुलाकडे दिलंय, म्हणून यातलं थोडं सांगतो. आयपी हा आकडा मुळात घड्याळासाठी नाहीच, तो विजेच्या उपकरणांच्या डब्यासाठी आहे, पहिला ६ म्हणजे धूळ शिरणार नाही आणि दुसरा आकडा पाण्याचा. ७ असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास, ८ असेल तर १ मीटरपेक्षा जास्त, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीनेच ठरवायचं असतं, म्हणून बारीक अक्षरात वाचावं लागतं. आणि ही टेस्ट साध्या गोड्या पाण्यात, वस्तू स्थिर ठेवून. आता तुझे बाबा हात मारतात, भिंतीला पाय लावून ढकलतात, पाणी आपटतं, त्यात क्लोरीन. त्याचा या टेस्टशी काही संबंध नाही.

घड्याळाचं माप वेगळं, त्याला आयएसओ २२८१० म्हणतात, तिथे दाबाचा विचार होतो. १ एटीएम म्हणजे साधारण १० मीटर पाण्याचा दाब. ५ एटीएम किंवा ५० मीटर लिहिलं असेल तर तलावात पोहायला चालतं. पण ५० मीटर खोल जाता येतं असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये, तो स्थिर पाण्यातल्या दाबाचा आकडा आहे. ३ एटीएम म्हणजे पाऊस, हात धुणं, एवढंच. स्कूबावाल्यांसाठी आयएसओ ६४२५ हे आणखी वेगळं प्रमाण आहे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाण्यापासून बचाव हा कायमचा गुण नाही, आत रबराची बारीक रिंग नाहीतर गोंद असतो, तो झिजतो. आमच्या घड्याळांना मागून झाकण उघडून रिंग बदलता यायची, ग्रीस लावता यायचं. या बँडना मागे स्क्रूच नसतात, सगळं चिकटवलेलं, एकदा गोंद सुटला की संपलं. आणि गोंद सुटतो कशाने, तर गिझरच्या कडकडीत पाण्याने आणि साबणाने. लोक पोहायला जपतात आणि घरी येऊन बँड घालूनच गरम पाण्याने आंघोळ करतात. बाबांना विचार, असंच होत होतं का?

मीनल_ठाणे

काका, अगदी तसंच. तलावावरून आले की लगेच गरम पाण्याने आंघोळ, बँड हातातच. मीच सांगितलं होतं काढू नका, पावलं मोजायची राहतील म्हणून.

मेलबर्नकर

आयपी६८ वरून आठवलं, इथे ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये कोर्टाने सॅमसंगच्या इथल्या कंपनीला १ कोटी ४० लाख डॉलरचा दंड केला होता, घड्याळ नाही फोनबद्दल, पण मुद्दा तोच. जाहिरातीत फोन स्विमिंग पूलमध्ये आणि समुद्रात वापरताना दाखवलेले, आणि ओला असताना चार्ज केला तर चार्जिंगचा पोर्ट गंजण्याची शक्यता होती. ग्राहक आयोगाने खटला लावला आणि कंपनीने चूक मान्य केली. तेव्हापासून मी फोटो बघत नाही, फक्त वॉरंटीचं पान वाचतो, त्यात पाण्याबद्दल काय लिहिलंय ते.

अश्विनी_कोथरूड

वाचतेय. सासऱ्यांसाठी हाच प्रश्न आहे.

सागरवेडा

मीनलताई, मालवणहून लिहितोय. दर डिसेंबरला चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा असते, तिच्यात उतरतो, बाकी वर्षभर तलावात. काकांनी पाणी शिरण्याचं सांगितलं, मी ठोक्यांचं सांगतो, कारण तुमच्या बाबांना घाबरवलं ते पाण्याने नाही, त्या १७१ ने.

मनगटावरचा बँड ठोके मोजत नाही, तो रक्ताचा रंग बघतो असं समजा. हिरवा उजेड कातडीत जातो, रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा उजेड कमी होतो, त्या कमीजास्तवरून तो आकडा काढतो. आता पाण्यात काय होतं, पट्टा आणि कातडीच्या मध्ये पाण्याचा थर शिरतो, प्रत्येक हाताला तो थर हलतो, वर पाणी गार असेल तर मनगटाच्या रक्तवाहिन्या आखडतात. सेन्सरला रक्त कमी आणि हलणारं पाणी जास्त दिसतं. म्हणून ६४ पण येतो आणि १७१ पण येतो, दोन्हींचा हृदयाशी संबंध नसतो. काही बँड तर स्विम मोड लावला की ठोके मोजणंच बंद करतात, मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

खरा आकडा हवा असेल तर छातीचा पट्टा. तो उजेडावर चालत नाही, ईसीजीसारखे हृदयाचे विजेचे सिग्नल पकडतो. ही कल्पना जुनी आहे, फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ मध्ये बिनतारी छातीपट्टा आणला होता. पण त्यातही पाण्याची अडचण आहे, ब्लूटूथचा सिग्नल पाण्यात काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे छातीवर बरोबर मोजलं तरी पोहताना मनगटावर आकडा दिसेलच असं नाही. पोलर एच१० मध्ये एका सेशनची मेमरी आहे, फोन काठावर ठेवून ॲपमधून चालू करायचं, पोहून आलं की सगळा आलेख मिळतो. तोच पट्टा ५ किलोहर्ट्झवर पण सिग्नल पाठवतो, तो पाण्यातून जातो, पण तो पकडणारं घड्याळ पण त्यांचंच लागतं. गार्मिनचे काही पट्टे पण असेच साठवून ठेवतात आणि नंतर घड्याळाला देतात.

आणि पुरुषांना एक त्रास होतोच, भिंतीला पाय लावून ढकललं की पट्टा सरकून पोटावर येतो. वरून पोहण्याचा अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट घातला की राहतो. क्लोरीन जास्त असेल किंवा समुद्राचं पाणी असेल तर कधीकधी सिग्नल तुटतो, कारण खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं.

तेव्हा १० हजारात पाण्यातसुद्धा चालू आकडा खरा दाखवेल असा मनगटी बँड मी तरी तुम्हाला सुचवू शकत नाही. रोजच्या वापरासाठी ५ एटीएमचा बँड घ्या, पण ११० च्या मर्यादेसाठी त्याच्यावर विसंबू नका.

स्मिता_एनजे

मी थोडी असहमत आहे. मी न्यू जर्सीत आठवड्यातून चार दिवस पोहते, ॲपल वॉच आहे, सिरीज २ पासून, म्हणजे २०१६ पासून त्यांची घड्याळं ५० मीटरची आहेत, माझे ठोके नेहमी १३० च्या आसपास येतात आणि मला ते बरोबर वाटतात. पट्टा घट्ट लावा, मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, फरक पडतो.

सागरवेडा

स्मिताताई, तुमचं पण खरं असणार. एका लयीत अर्धा तास पोहणाऱ्याला चांगल्या घड्याळात सरासरी बऱ्यापैकी जुळते, मी पण बघितलंय. पण मीनलताईंच्या बाबांना सरासरी नकोय, कुठल्या क्षणी ११० ओलांडले ते हवंय. ते दोन लेंथ मारतात, थांबतात, परत निघतात. अशा चढउतारात मनगटाचा सेन्सर मागे राहतो, ठोके खाली आल्यावर मोठा आकडा दाखवतो. तुम्हाला चालतंय ते त्यांना चालणार नाही.

स्मिता_एनजे

हो, स्टेंटचा मुद्दा माझ्या लक्षातून गेला. पटलं. तसं असेल तर इथे फॉर्म नावाचे गॉगल मिळतात, काचेत आकडे दिसतात, दुसऱ्या आवृत्तीत ठोक्यांचा सेन्सर कानशिलाजवळ गॉगलमध्येच दिलाय. कानशिलाजवळ हाताएवढी हालचाल नसते. पण १० हजारात बसणार नाहीत.

डॉक्टरताई_नाशिक

मी फिजिशियन आहे. इथे कोणाचा इलाज करत नाही, पण मीनल, काही गोष्टी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना नक्की विचारा.

बाबांना बीटा ब्लॉकर चालू आहे का? बहुतेक असेल. ती गोळी ठोके मुळातच खाली ठेवते, त्यामुळे २२० वजा वय हा जो हिशोब बँडच्या ॲपमध्ये असतो, तो त्यांना लागू नाही. ॲप सांगेल की तुमचा कमाल १५४, ७० टक्क्यांपर्यंत जा, ते अजिबात ऐकायचं नाही. ११० हा आकडा बहुधा त्यांच्या टीएमटीवरून, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून ठरवला असणार. आणि पाण्यात तेवढीच मेहनत केली तरी ठोके जमिनीपेक्षा कमी पडतात, कारण पाण्याच्या दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, चेहरा पाण्यात गेला की तर ठोके आणखी मंदावतात. म्हणजे पाण्यातले १०५ हे जमिनीवरच्या १०५ पेक्षा जास्त मेहनतीचे असू शकतात. पोहताना मर्यादा आणखी खाली ठेवायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, हा प्रश्न बरेच पेशंट विचारतच नाहीत.

आकड्यापेक्षा जुनी आणि भरवशाची गोष्ट म्हणजे स्वतःला किती दमल्यासारखं वाटतंय ते. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अशी श्रमाची मोजपट्टी बनवली, हृदयरोग्यांच्या व्यायामात ती जगभर वापरतात. ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे थोडं जड. बाबांना काठावर आल्यावर एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर बँड काहीही दाखवो, थांबायचं.

आणि नाडी बोटांनी मोजायला शिकवा, एका दिवसात जमतं. काठाला हात लावला की लगेच, मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं, तलावाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून १० सेकंद. आलेला आकडा गुणिले ६. मिनिटभर मोजत बसू नका, थांबल्यावर ठोके भराभर उतरतात. ११० ची मर्यादा असेल तर १० सेकंदांत १८ म्हणजे १०८, तिथपर्यंत ठीक. १९ आले की पुढची लेंथ नाही. गळ्याची नाडी दाबू नका, या वयात तिथे जोरात दाबलं तर चक्कर येऊ शकते.

शेवटचं, डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती लॉकरमधल्या बॅगेत नको, लाईफगार्डच्या टेबलावर ठेवा आणि त्यांना सांगून ठेवा. छातीत, जबड्यात, डाव्या हातात काहीही जड वाटलं तर आकडा बघायचाच नाही, बाहेर यायचं.

मीनल_ठाणे

डॉक्टरताई, खरंच डोळ्यात पाणी आलं. बीटा ब्लॉकर चालू आहे. गोळी लॉकरमध्येच असायची, उद्याच बदलते. आणि ॲप त्यांना रोज सांगत होतं की तुमचा व्यायाम कमी पडतोय, जोर वाढवा!! ते सूचनांचं बटण मी आत्ता बंद केलं.

पाऊसवाट

मी साताऱ्याचा, पोहत नाही, पळतो. आमची सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटात, भर पावसाळ्यात, सराव म्हणजे तीन महिने भिजतच. दोन गोष्टी सांगतो ज्या दुकानात कळत नाहीत. एक, नुसती टचस्क्रीन असलेला बँड घेऊ नका. पावसाचा थेंब पडला की तो बोट समजतो, माझ्या आधीच्या बँडने दोनदा धाव मधेच थांबवली. बाजूला एक तरी खरं बटण हवं, नाहीतर वॉटर लॉक हवं, म्हणजे पाणी लागून स्क्रीन आपोआप चालू नये म्हणून ती बंद करायची सोय. दुसरं, पट्टा ढिला असेल तर बँड ठोक्यांऐवजी पावलं मोजायला लागतो, चढावर माझे ठोके १७० दाखवत होता, छातीचा पट्टा लावून बघितलं तर १४८. ते १७० म्हणजे माझी मिनिटाची पावलं होती!

आणि कापडी पट्टा पावसाळ्यात नकोच, दिवसभर ओला राहतो, मला मनगटावर गजकर्ण झालं होतं. साधा सिलिकॉनचा घ्या, रोज काढून पुसा.

कट्टेकरी

बजेटमध्ये बघायचं तर सॅमसंगचा गॅलेक्सी फिट ३ आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये ४९९९ ला आला होता, ५ एटीएम आणि आयपी६८ दोन्ही लिहिलंय, बाजूला बटण आहे. जीपीएस नाही पण बाबांना तलावात जीपीएस काय करायचंय. फिटबिट इन्स्पायर ३ पण ५० मीटरचा आहे, अंगाने बारीक, पण आकडे लहान दिसतात. ६६ व्या वर्षी चष्म्याशिवाय काठावर उभं राहून वाचायचंय, तेव्हा स्क्रीन मोठी बघा, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आणि घेताना दुकानात बाबांच्या मनगटावरच लावून बघा.

घड्याळवाले_काका

बरोबर. आणि घेतल्यावर रोज तलावातून आलं की नळाच्या साध्या पाण्याखाली धरायचा, मऊ फडक्याने पुसायचा, मागच्या पिना पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय चार्जरला लावायचा नाही. माझ्याकडे जे यायचे ना, त्यात अर्धे पाणी शिरून नाही, पिनांवर हिरवा गंज चढून मेलेले असायचे. बाथरूममध्ये बँड आत न्यायचाच नाही, दाराबाहेर एक खिळा ठोक आणि तिथे लटकव.

सागरवेडा

मीनलताई, अजून एक. आपल्या सोसायट्यांचे तलाव १५-१६ मीटरचे आणि वाकडेतिकडे असतात, काही घड्याळांत इतकी कमी लांबी टाकताच येत नाही, मग लेंथची मोजणी चुकते. बाबा महापालिकेच्या २५ मीटरवाल्यात जातात का? मग अडचण नाही. किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, घेऊन मारलेल्या लेंथ मात्र बँड बहुतेक मोजणार नाही, हात हलत नाहीत ना.

आणि एच१० विकत घ्यायची घाई करू नका, ओळखीत कोणा सायकलवाल्याकडे असेल तर दोन दिवस मागून घ्या. बोटांनी मोजलेलं आणि पट्ट्याने मोजलेलं जुळतंय का एकदा बघून ठेवा.

मीनल_ठाणे

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा, पण सगळं करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

डॉक्टरांना पाण्यातल्या मर्यादेचं विचारलं. त्यांनी टीएमटीचा रिपोर्ट परत काढून बघितला आणि म्हणाले सुरुवातीचे दोन महिने १०५ धरा. म्हणजे १० सेकंदांत १७ पर्यंत चालेल, १८ आले की थांबायचं. बँड घेतला, ५ एटीएमचा, बाजूला बटण असलेला, बाबांच्या मनगटावर लावून, आकडे त्यांना चष्म्याशिवाय वाचायला लावून. तो आता घरातले ठोके, झोप आणि लेंथ मोजतो. पोहताना त्याचा ठोक्यांचा आकडा बघायचा नाही असं बाबांनी स्वतःच ठरवलंय.

मावसभाऊ सायकल चालवतो, त्याच्याकडून छातीचा पट्टा दोन दिवस आणला. पहिल्या दिवशी सागरवेडांनी सांगितलं तसं भिंतीला ढकलताना पोटावर आला, दुसऱ्या दिवशी घट्ट टीशर्ट घालून टिकला. घरी येऊन आलेख उघडला तर बाबांनी प्रत्येक थांब्यावर बोटांनी मोजलेलं आणि पट्ट्याने दाखवलेलं यात दोन-तीन ठोक्यांचाच फरक. फक्त तिसऱ्या थांब्याला पट्ट्यावर १११ आणि बाबांचे १६, म्हणजे ९६. विचारलं तर म्हणाले, शेजारच्या लेनमधल्या शाळकरी पोराला सूर कसा मारायचा ते दाखवत होतो, मग मोजलं. तेवढ्यात उतरले होते ठोके. आणि उतरायच्या आधी १११ गेले होते हे आम्हाला पट्ट्यामुळेच कळलं. आता नियम केलाय, काठाला हात लागला की आधी नाडी, मग गप्पा.

काल मी मुद्दाम त्यांच्या बॅचला जाऊन वर बाकावर बसले होते. सकाळचे सव्वासहा, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बाराच्या आकड्यावर यायची वाट बघत बाबा काठाला धरून उभे, दोन बोटं मनगटावर, ओठ हलताहेत. मोजून झालं की मान वर करून मला बोटांनी आकडा दाखवायचे. दोन-दोन लेंथ, पाच वेळा. सोळा, सोळा, सतरा, सतरा, आणि शेवटचे अठरा. अठरा झाल्यावर ते स्वतःच पायऱ्यांकडे वळले, बॅचची सात मिनिटं शिल्लक होती तरी.

काका, बाथरूमच्या बाहेर खिळा ठोकलाय.